मांजर घमेले सोडून गादीवर का जाते?

गाय-म्हैस घेऊन आलेला माणूस दवाखान्याच्या दारातूनच तक्रार मोठ्याने सांगतो. मांजर घेऊन आलेला मात्र आधी इकडेतिकडे बघतो, खुर्ची पुढे ओढतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "डॉक्टर, घराला वास येतोय हो." पाहुणे यायचे म्हटले की उदबत्ती लावावी लागते. शेजारच्या वहिनी बोलत काही नाहीत, पण पदर नाकाशी नेतात. चार-पाच वर्षे गुणाने राहिलेले मांजर अचानक आपले वाळूचे घमेले सोडते आणि कधी गादीवर, कधी चपलांच्या ढिगात, कधी नातवाच्या दुपट्यावर लघवी करू लागते. अशा मांजराचे पुढे काय होते ते सांगलीत सर्वांना माहीत आहे. एखाद्या रविवारी पहाटे पोते येते, पोत्यात मांजर जाते आणि स्कूटर आयर्विन पुलावरून सांगलीवाडीकडे निघते.

वाचकहो, ते पोते शोधण्याआधी हा लेख वाचावा, एवढ्यासाठी आजचा विषय घेतला आहे. पाळलेले मांजर असे उपाशी मरायला सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो. पण कायद्याचा धाक घालणे हा माझा हेतू नाही. अशा मांजरांपैकी बरीचशी आजारी असतात आणि आजार लवकर ओळखला तर ती बरी होतात, हे सांगायचे आहे.

आमच्या भागात हा प्रश्न तसा अलीकडचा. गावभागातल्या जुन्या वाड्यांना परस होते, परसात माती होती, अळूचे आळे होते, न्हाणीच्या चुलीची राख होती. मांजर रात्री उठून जाई, उकरी, काम उरकी आणि वर माती लोटून परत येई. कुणाला पत्ता लागत नसे. वाडे पडले, त्या जागी फ्लॅट आले, अंगणात फरशी बसली. तिसऱ्या मजल्यावरच्या मांजराला माती दाखवायची कोठून? म्हणून घमेल्यात किंवा प्लॅस्टिकच्या उथळ टबात वाळू घालून ठेवण्याची पद्धत आली. बाजारात मिळणारी तयार मातीही आता लोक वापरतात. मांजर ही व्यवस्था चटकन स्वीकारते, कारण भुसभुशीत जागा उकरणे त्याच्या रक्तातच आहे, शिकवावे लागत नाही. म्हणूनच ते ती जागा सोडते तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असते.

तक्रार ऐकून झाली की मी पहिला प्रश्न विचारतो, बोका आहे की भाटी? बोका असेल तर दुसरा प्रश्न लगेच, लघवी होते आहे ना? लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. घरभर लघवी करतो म्हणून तर आणला, आणि डॉक्टर विचारतात लघवी होते का! पण यातच बोक्याचा जीव असतो. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. लघवीतले बारीक खडे किंवा चिकट गोळा तेथे अडकला की वाट बंद होते. बोका घमेल्यात बसतो, कुंथतो, काही होत नाही. तेथून उठून मोरीत बसतो, मग गादीवर. थेंब थेंब पडतो, कधी तांबूस. घरच्यांना दिसतो तो गादीवरचा डाग, आत तुंबलेले मूत्राशय दिसत नाही.

तासगाव तालुक्यातले एक शेतकरी आपला बोका टोपलीत घालून आले होते. "डाक्टर, दोन दिस झालं नुसता कुथतुया. पोट साफ हुईना म्हनून काल एरंडेल पाजलं." मी पोटाला हात लावला तर मूत्राशय मोसंबीएवढे आणि दगडासारखे टणक. त्याला शौचाची काही अडचण नव्हती, लघवी अडली होती. एरंडेलाने दुखण्यात जुलाबाची भर घातली होती. बोका थंडगार पडला होता, नाडी मंद होती. लघवी अडली की शरीरातले विष बाहेर पडत नाही, रक्तात पोटॅशियम वाढत जाते आणि ते हृदयाची गती मारते. सलाईन लावून, जेमतेम भूल देऊन बारीक नळी घातली, मार्ग मोकळा केला. बोका त्या रात्रीतून निघाला नाही. ते गृहस्थ टोपली उचलताना म्हणाले, "उंदरावानी मरायचं न्हवतं त्यानं. सोळा पोती धान राखलं हुतं." त्याच महिन्यात विश्रामबागेतून एक शिक्षिका आपला बोका दुपारी कुंथताना पाहून संध्याकाळीच घेऊन आल्या. तीच नळी, तेच सलाईन, दोन दिवस दवाखान्यात मुक्काम, आणि बोका घरी गेला. दोघांत फरक होता तो साधारण दीड दिवसाचा.

तेव्हा बोका वारंवार बसतो, ओरडतो, मागची बाजू सारखी चाटतो आणि लघवी होत नाही किंवा थेंब थेंब होते, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. पूर्ण अडलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. घरी पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, ताणलेले मूत्राशय फुटू शकते. भाटीचा मूत्रमार्ग रुंद आणि आखूड असल्यामुळे तिच्यात असे अडणे क्वचितच घडते.

अडलेले नाही, पण थोडी थोडी, पुन्हा पुन्हा, कधी रक्त मिसळलेली लघवी होते, असे रुग्ण मात्र सर्वांत जास्त. येथे लोक हमखास म्हणतात, "इन्फेक्शन झालं असेल, गोळ्या द्या." तरुण मांजरात जंतुसंसर्ग फार कमी वेळा सापडतो. बहुतेकांत मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि तपासणीत जंतूही नसतात, खडेही नसतात. शास्त्रज्ञांनी यावर बरेच काम केले आणि आता असे मानले जाते की मांजराच्या मनावरचा ताण आणि मूत्राशयाची ही सूज यांचा जवळचा संबंध आहे. मांजराला कसला ताण, असे म्हणून हसू नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. नदीकाठची कितीतरी कुटुंबे हाताला लागेल ते घेऊन नातेवाइकांकडे गेली. पूर ओसरल्यानंतर महिनाभर माझ्याकडे मांजरांची रीघ होती. परक्या घरात पंधरा दिवस कपाटाखाली काढलेली, परत आल्यावर गाळाच्या वासाने बावरलेली, सगळे सामान हललेले पाहून स्वतःचे घर न ओळखणारी. जवळजवळ सर्वांची तक्रार एकच, लाल लघवी आणि घमेल्याबाहेर. काहींच्या मालकिणी स्वतःही रडत होत्या, त्यांचे घर गेले होते. मांजराच्या दुखण्यावर बोलायला आपण आलो याची त्यांना लाज वाटत होती. त्यात लाजण्यासारखे काही नव्हते.

ही सूज बहुधा आठवडाभरात आपोआप उतरते, पण परत परत येते. वेदना कमी करण्याचे औषध पशुवैद्यकाने द्यावे. खरा उपचार घरातला आहे. जेवणाची वेळ ठरलेली ठेवावी, लपायला एखादे पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून द्यावे, उंचावर बसायला जागा द्यावी, मुलांना त्याच्या मागे लागू देऊ नये. आणि पाणी. मांजराचे पूर्वज कोरड्या, रखरखीत प्रदेशातले, त्यामुळे ते मुळातच पाणी कमी पिते आणि लघवी दाट करते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती अधिकच दाट होते. पाण्याची वाटी जेवणाच्या ताटलीला चिकटून न ठेवता दोन-तीन ठिकाणी ठेवावी, पाणी रोज बदलावे. मासे उकळलेले बिनमिठाचे पाणी बहुतेक मांजरे आवडीने पितात. कोरडे खाद्य देत असाल तर ते पाण्यात भिजवून द्यावे. खारवलेली सुकट नेहमी देऊ नये.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-पोळी असे समीकरण आहे. मोठ्या झालेल्या कित्येक मांजरांना दूध पचत नाही, त्यांचे पोट बिघडते. शिवाय टॉरिन नावाचा एक घटक मांजराला मांस-मासळीतूनच मिळतो आणि तो बराच काळ मिळाला नाही तर डोळे आणि हृदय दोन्ही खराब होतात. ज्यांच्या घरात मांसाहार चालत नाही त्यांनी मांजरासाठी तयार मिळणारे खाद्य आणावे. मांजराला शाकाहारी करण्याचा हट्ट धरू नये. असो.

मांजर म्हातारे असेल, म्हणजे दहाच्या पुढे, तर चित्र वेगळे. ते पाणी पुष्कळ पिऊ लागले, लघवीची थारोळी मोठी दिसू लागली, अंग उतरले, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह मनात आणावा आणि रक्त-लघवी तपासून घ्यावी. मांजराला मधुमेह होतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण होतो, आणि माणसासारखेच इन्सुलिनही द्यावे लागते. या वयात जंतुसंसर्गही जास्त आढळतो. आणि एक साधे कारण, गुडघे आणि कंबर. उंच काठाच्या टबात पाय टाकायला म्हाताऱ्या मांजराला दुखते. अशा वेळी टबाची एक बाजू करवतीने खाली कापून दिली तरी प्रश्न सुटतो. मिरजेतल्या एका आजींनी भाकरी थापायची जुनी काठवट त्यासाठी काढून दिली. "माझेही गुडघे तसेच आहेत, मला कळतं त्याचं," म्हणाल्या.

आता लघवी आणि फवारा यांत फरक करायला शिका. लघवी करताना मांजर खाली बसते, डाग जमिनीवर किंवा अंथरुणावर पडतो. फवारा मारताना ते उभे असते, भिंतीकडे पाठ करते, शेपूट ताठ करून थरथरवते आणि भिंतीवर, दाराच्या चौकटीवर, स्कूटरच्या चाकावर किंवा तुळशीवृंदावनावर थोडेसे उडवते. हे दुखणे नसून हद्दीची खूण आहे. खिडकीबाहेर परका बोका फिरू लागला की घरातला बोका आतून खुणा करू लागतो. याला उपाय निर्बीजीकरण. ही शस्त्रक्रिया केलेल्या दहा बोक्यांपैकी सुमारे नऊ जणांची ही सवय बरीच कमी होते किंवा सुटते. पाच-सहा महिन्यांचे वय त्यासाठी योग्य. वर्षानुवर्षे सवय लागल्यावर केले तरी उपयोग होतो, फक्त थोडा वेळ लागतो. भाट्याही माजावर असताना फवारा मारतात, त्यांनाही हेच लागू. "देवानं दिलेलं काढायचं कशाला," असे म्हणणारे गृहस्थ मला दर आठवड्याला भेटतात. दरसाल दोन-तीनदा घरात होणारी पिल्ले ते कोठे सोडतात, हे मी त्यांना विचारतो.

आजार नाही आणि फवाराही नाही, असे ठरले की मग घमेल्याकडे वळावे. येथे माणसांचा स्वच्छतेचा अतिरेक आणि आळस दोन्ही नडतात. कोणी चार-चार दिवस वाळू उपसत नाही. आपण असल्या संडासात जाऊ का? रोज एकदा, शक्यतो दोनदा, गुठळ्या आणि विष्ठा काढली पाहिजे, आणि आठवड्यातून एकदा सगळी वाळू टाकून घमेले साध्या साबणाने धुतले पाहिजे. कोणी याच्या उलट, घमेले रोज फिनेलने घासतात. फिनेलचा वास मांजराला सहन होत नाही, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे काळ्या फिनेलमधील द्रव्ये त्याच्या यकृताला निष्प्रभ करता येत नाहीत. पाय ओले होतात, मांजर पाय चाटते आणि विषबाधा होते. पुरानंतरच्या साफसफाईत असे रुग्ण मी पाहिले आहेत. मांजर असलेल्या घरात फरशीलाही काळे फिनेल वापरू नये.

घमेले पुरेसे मोठे हवे, मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी. वाळू बारीक, दोन-तीन बोटे खोल. सुगंधी माती आपल्याला आवडते, मांजराला नाही. बारीक वाळू महाग पडत असेल तर लाकडाचा भुसा किंवा वर्तमानपत्राचे कपटे चालतात, पण एका दिवसात एकदम बदल करू नये, जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत जावे. जागा शांत हवी. वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलेले घमेले मशीन एकदा धडधडले की कायमचे सुटते. जेवणाच्या ताटलीजवळही ठेवू नये. घरात दोन मांजरे असतील तर तीन घमेली ठेवावीत, तीही वेगवेगळ्या ठिकाणी, कारण दांडगे मांजर वाट अडवून बसते आणि गरीब मांजराला गादीशिवाय मार्ग राहत नाही. फ्लॅटमध्ये तीन घमेली कोठे ठेवायची, हा प्रश्न मला मान्य आहे. दोन तरी ठेवा.

काही मांजरांना एखाद्या वस्तूचीच गोडी लागते. हळदीची पेठ असलेल्या आपल्या गावात ती वस्तू बहुधा गोणपाट असते. अडतीच्या दुकानामागच्या खोलीत राहणाऱ्या एका मांजराने रिकाम्या पोत्यांची थप्पी हीच आपली जागा ठरवली होती. मालक काठी घेऊन बसायचे. मी त्यांना घमेल्यात वाळूवर गोणपाटाचा एक तुकडा टाकायला सांगितला. मांजर घमेल्यात जाऊ लागले. मग तो तुकडा दर दोन-तीन दिवसांनी लहान करत नेला. महिन्याभरात नुसती वाळू राहिली, आणि मधल्या काळात पोती माडीवर हलवली होती. जेथे लघवी करते तेथेच घमेले ठेवावे आणि सवय लागल्यावर ते रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्यावे, हाही चांगला उपाय आहे. किंवा डागाची जागा नीट धुऊन तेथे त्याची जेवणाची ताटली ठेवावी. खाण्याच्या जागी मांजर सहसा घाण करत नाही.

मात्र जागा नीट धुतली गेली पाहिजे. आपल्या नाकाला वास गेला म्हणजे मांजराच्या नाकाला गेला असे नाही. आधी कापडाने टिपून घ्यावे, मग कोमट पाणी आणि एन्झाइम असलेली धुण्याची पावडर वापरून धुवावे, स्वच्छ पाण्याने पुसून वाळवावे. गादी असेल तर कडक उन्हात दोन दिवस. अमोनिया असलेले द्रव वापरू नये, त्याचा वास मांजराला लघवीसारखाच वाटतो. ब्लिचिंग पावडरही ताज्या लघवीवर टाकू नये. दोन्ही एकत्र आले की घशाला आणि छातीला त्रास देणारा वायू निघतो, दम्याच्या माणसाने तर जपावेच.

मारणे, नाक डागावर घासणे, अंगावर पाणी टाकणे, हे सर्व व्यर्थ आहे. मांजर सूड म्हणून गादीवर जात नाही. मार खाल्ल्यावर ते एवढेच शिकते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे. मग ते सोफ्यामागे जाते, आणि घाबरल्यामुळे मूत्राशयाची सूज आणखी वाढते.

एक प्रश्न दर काही दिवसांनी हमखास येतो. लेक बाळंतपणाला माहेरी यायची असते आणि मांजर काढून टाका असा घरात घोषा सुरू होतो. भीती असते ती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची. गर्भारपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर गर्भाला धोका असतो, हे खरे आहे. पण तो मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, लघवीतून नव्हे. तोही लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडेच, आणि बाहेर पडल्यावर त्याला संसर्गक्षम व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून घमेले रोजच्या रोज साफ केले, ते काम गर्भवतीने न करता दुसऱ्या कोणी केले आणि मांजराला कच्चे मांस दिले नाही, तर धोका फार कमी होतो. अर्धवट शिजलेले मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही हाच परजीवी माणसात येतो, त्याबद्दल मात्र घरात कोणी घोषा करत नाही. गर्भवतीने आपल्या डॉक्टरांना घरात मांजर असल्याचे सांगून ठेवावे.

घरातल्या गोळ्यांविषयी बजावून सांगतो. मांजर कण्हते म्हणून तापाची पॅरासिटामॉल गोळी देणारे लोक आहेत. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजते, श्वास लागतो. चुकून दिली गेली असेल तर लपवू नका, लगेच दवाखान्यात आणा आणि किती वेळापूर्वी दिली ते सांगा.

तपासणीला आणताना दोन-तीन दिवसांची नोंद कागदावर लिहून आणावी, कोठे बसते, किती वेळा, डाग रुपयाएवढा की ताटाएवढा, रंग कसा, पाणी किती पिते, घरात अलीकडे काय बदलले. ताजी लघवी मिळाली तर उत्तम. स्वच्छ धुतलेल्या कोरड्या घमेल्यात वाळूऐवजी प्लॅस्टिकचे मणी किंवा मत्स्यपेटीतले धुतलेले खडे घातले तर ती शोषली जात नाही. सिरिंजने ओढून स्वच्छ बाटलीत भरावी आणि एक-दोन तासांत पोचवावी. बोका कुंथत असेल तर मात्र नमुन्यासाठी थांबू नये. जवळच्या पशुवैद्यकाकडे आधी मार्ग मोकळा करून घ्यावा, मग खड्यांचा त्रास वारंवार होत असेल तर पुढील शस्त्रक्रियेसाठी सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करता येते. आणि मांजर स्कूटरवर हातात धरून आणू नये. एसटी स्टँडजवळ हॉर्न वाजला की ते हातातून सुटते आणि मग शोधत बसावे लागते. झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेले खोके, त्यात त्याच्या वासाचे जुने फडके, आणि वरून सुतळी.